नाव, पत्ता आणि वाट : स्थानिक संगणक-जाळ्यातील दोषांचे निदान

लालबागला कसे जावे, असे मुंबईत कोणास विचारले तर चिंचपोकळीस किंवा करी रोडला उतरावे, असे उत्तर बहुधा मिळते. लालबाग या नावाचे रेल्वे स्थानक नाही, ही गोष्ट सांगणाऱ्याच्या मनात इतकी मुरलेली असते की तिचा उच्चार करण्याची गरज त्यास वाटत नाही. प्रश्नात एका स्थळाचे नाव आलेले असते; उत्तरात मात्र त्या स्थळाचा पत्ता नसून तेथे पोचण्याच्या वाटेवरील एक टप्पा असतो. ऐकणारा त्यामुळे गोंधळत नाही. चिंचपोकळी म्हणजेच लालबाग, असा समज करून घेऊन तो फलाटावरच थांबून राहत नाही. नाव, पत्ता आणि वाट या तीन भिन्न कोटींतील गोष्टी आहेत. परंतु नित्याच्या बोलण्यात एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी चालते, कारण मधली उणीव श्रोत्याचे लोकव्यवहाराचे ज्ञान भरून काढते. संगणकांच्या परस्परसंवादात असा जाणता श्रोता नसतो. तेथे नावावरून पत्ता काढणे, पत्त्यावरून यंत्र ओळखणे आणि वाट ठरविणे ही कामे स्वतंत्र व्यवस्थांकडे सोपविलेली आहेत, आणि एका व्यवस्थेचा दोष दुसरीच्या माथी मारला गेला की कितीही खटपट केली तरी तो दूर होत नाही.

या भेदाची सुबक मांडणी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील जॉन शॉक यांनी १९७८ मध्ये एका छोट्या टिपणात केली. आपल्याला काय हवे आहे ते नाव सांगते, ते कोठे आहे ते पत्ता सांगतो आणि तेथवर कसे जायचे ते वाट सांगते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. शब्द आणि वस्तू यांचा संबंध संकेताने ठरतो, तो स्वाभाविक नसतो, हे नैयायिकांनी फार पूर्वी सांगितले आणि सोस्यूरने आपल्या पद्धतीने पुन्हा सांगितले. संगणक-जाळ्यात असे संकेत एकावर एक रचलेले असतात. त्यांपैकी प्रत्येक संकेत कोणी तरी केलेला, कोठे तरी नोंदलेला आणि कधी तरी शिळा होणारा असतो.

विद्यापीठाच्या विभागांत हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भागत नाही. बोलींची ध्वनिमुद्रणे, कोशकार्याच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे, हस्तलिखितांच्या प्रती आता एखाद्या सामाईक संगणकावर ठेवलेल्या असतात. एके सकाळी तो संगणक ‘सापडत नाही’. सापडत नाही म्हणजे बिघडला असा ग्रह होतो आणि कोणी तरी उत्साहाने त्याची साठवण पुसून यंत्र नव्याने उभे करतो. दोष वाटेत असेल तर तो जागच्या जागी राहतो. संग्रह मात्र जातो. निदानाची घाई ही येथे नुसती अडाणीपणाची बाब राहत नाही.

पत्ता आणि ओळख यांतील फरक कळण्यासाठी टपालाचे उदाहरण सोईचे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडित व नाटककारही होते. एकाच नावाची अनेक गावे, एकाच गावाची अनेक लिप्यांतील अनेक रूपे आणि वाचता न येणारी हस्ताक्षरे यांवर भाषेच्या या जाणकाराने उपाय काढला तो भाषा बाजूस ठेवून अंक वापरण्याचा. या अंकांत एक उतरंड आहे. पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवितो. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो, जसे ४०० म्हणजे मुंबई. शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवितात. गिरगाव ४००००४, परळ ४०००१२, दादर पूर्व ४०००१४ आणि दादर पश्चिम ४०००२८. रुळांच्या अलीकडचे व पलीकडचे दादर एकमेकांना लागून असले तरी त्यांचे अंक लागून नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अंक हे स्थळाचे चित्र नसून स्थळाविषयीचा ठराव आहे.

नागपुरात पत्रांची वर्गवारी करणाऱ्यास ४०० एवढे पाहिले की पुरते. त्याला गिरगाव ठाऊक असण्याची गरज नाही. उलट गिरगावात पत्र हाती घेऊन निघालेल्या टपालवाल्याला पिन क्रमांकाचा काही उपयोग नाही. त्याला वाडी, चाळ, मजला आणि आडनाव हवे. म्हणजे एका पाकिटावर दोन वेगळ्या व्यवस्थांना उद्देशून केलेले लेखन असते, आणि टपाल कार्यालयाच्या उंबरठ्यावर पहिली संपून दुसरी सुरू होते. संगणक-जाळ्यात नेमके हेच घडते. १९२.१६८.१०.२५ यासारखा ३२ बिटांचा जो पत्ता यंत्रास दिलेला असतो तो पिनप्रमाणे उतरंडीचा असतो व जाळ्याजाळ्यांमधील प्रवासास उपयोगी पडतो. परंतु शेवटच्या दालनात, एकाच स्विचला जोडलेल्या यंत्रांमध्ये, पॅकेट पोचवायचे असते ते नेटवर्क कार्डाच्या अंगभूत ४८ बिटांच्या क्रमांकावर. हा क्रमांक कारखान्यात दिलेला असतो. यंत्र कोणते हे तो सांगतो. ते परळला आहे की पुण्याला, याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. (अलीकडचे मोबाइल फोन हा क्रमांकही जाळ्यागणिक बदलून सांगतात, त्यामुळे ‘अंगभूत’ हा शब्दही आता जपूनच वापरावा लागतो.)

पत्त्यावरून हा क्रमांक काढण्याच्या क्रियेस पत्ता-निश्चिती म्हणता येईल. तिची रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून काढली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एआरपी म्हणतात. रीत अत्यंत साधी आहे. चाळीच्या चौकात उभे राहून नाव पुकारावे आणि त्या बिऱ्हाडातून कोणी कठड्याशी यावे, हा प्रकार गिरगावकरांस अपरिचित नाही. संगणकही तसेच करतो : ‘१९२.१६८.१०.२५ हा पत्ता ज्याचा असेल त्याने आपला क्रमांक सांगावा’, असा पुकारा तो जाळ्यातील सर्वांना उद्देशून करतो. ऐकतात सर्व, उत्तर एकच देतो, आणि तेही सर्वांना नव्हे तर विचारणाऱ्यालाच. मिळालेले उत्तर विचारणारा आपल्या नोंदवहीत टिपून ठेवतो आणि काही काळ पुन्हा विचारीत नाही. या रीतीत कोणी अधिकारी नाही, कायमची वही नाही आणि उत्तर तपासण्याची सोयही नाही. तिचे सारे सामर्थ्य व सारे दोष यातून आले आहेत.

पहिला दोष शिळ्या नोंदीचा. जुने यंत्र काढून त्याच पत्त्यावर नवे बसविले, तर शेजारच्या यंत्रांच्या वहीत काही काळ जुनाच क्रमांक राहतो. नवे यंत्र आपण होऊन सर्वांना वर्दी देत असेल तर नोंदी सुधारतात. पण सगळीच यंत्रे वर्दी देत नाहीत आणि सगळेच ऐकणारे ती मनावर घेत नाहीत. घरगुती संगणकांत अशी नोंद काही सेकंदांत किंवा मिनिटांत जुनी ठरते. सिस्को कंपनीच्या राउटरांत मात्र तिची मूळची मुदत ४ तासांची असते. त्यामुळे एक विचित्र दृश्य दिसते. त्याच खोलीतील संगणकांना नवे यंत्र दिसू लागलेले असते, दुसऱ्या इमारतीतील कोणालाही ते दिसत नाही आणि दुपारनंतर कोणी काही न करता सर्व सुरळीत होते. ‘आपोआप दुरुस्त झाले’ असे मग म्हटले जाते. ते आपोआप नसते. राउटरच्या वहीतील नोंदीची मुदत संपलेली असते.

माणसांच्या पत्त्यांबाबत ही मुदत कोणी ठरविलेली नाही, आणि परळ-लालबाग भागात त्याचे परिणाम गंभीर आहेत. उपकरप्राप्त जुनी इमारत मोडकळीस आली की इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून तेथील भाडेकरूंना संक्रमण शिबिरात हलविले जाते. शिबिर दूरच्या उपनगरात असू शकते आणि तेथील मुक्काम वर्षानुवर्षे लांबू शकतो. इमारत पाडली जाते, पण बँक, विमा कंपनी, न्यायालय व नातेवाईक यांच्या वह्यांत जुना पत्ताच असतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्ता लिहून, हशील भरून नोंदणीकृत टपालाने पाठविलेला कागद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पोचला असे मानले जाते. योग्य पत्ता कोणता, हा प्रश्न तेथे केवळ भाषिक उरत नाही. विरुद्ध सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्यावर येते तो बहुधा ज्याची चाळ गेली तोच असतो. संगणकाच्या नोंदवहीस ४ तासांची का होईना मुदत असते, ही त्या मानाने उदार व्यवस्था म्हणावी लागेल.

दुसरा दोष एका पत्त्याचे दोन धनी असण्याचा. याचा विचार करताना शब्दार्थशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. एका वस्तूस अनेक नावे असणे निरुपद्रवी आहे. मुंबईत संगणकाचे सुटे भाग, केबल व स्विच घेण्यास लोक लॅमिंग्टन रोडला जातात. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे आणि दोन्ही नावांनी माणूस त्याच दुकानाशी पोचतो. डिलाईल रोड व ना. म. जोशी मार्ग यांचेही तसेच. परंतु एका नावाच्या दोन वस्तू असल्या की घोटाळा होतो. दादर स्थानकात मध्य व पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापले १ पासून मोजले जात. ‘फलाट क्रमांक १’ म्हणजे कोणता, हे पुलावर उभ्या असलेल्या नवख्या प्रवाशास कळत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेचे क्रमांक तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यात आले आणि एका क्रमांकाचे दोन फलाट ही स्थिती संपली. पर्यायशब्द चालतात, अनेकार्थक शब्द चालत नाहीत, हा नियम संगणकांनाही जसाच्या तसा लागू आहे. एका यंत्रास चार नावे देता येतात. एक पत्ता दोन यंत्रांना दिला तर पुकाऱ्यास दोन उत्तरे येतात आणि ज्याचे उत्तर शेवटी नोंदले गेले त्याच्याकडे पॅकेट जाते. परिणामी संपर्क जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो. केबल सैल आहे, असा संशय अशा वेळी हमखास घेतला जातो.

असे दोन धनी येतात कोठून? बहुधा एखाद्याने हाताने लिहिलेला पत्ता आणि पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेने दिलेला पत्ता एकच निघाल्याने. कधी कोणी घरचा जुना राउटर आणून विभागातील जाळ्यास जोडतो; तो राउटर स्वतःस घरचा धनी समजून दिसेल त्याला पत्ते वाटू लागतो. सकाळपर्यंत निम्म्या संगणकांस खरे पत्ते असतात व निम्म्यांस भलतेच. याउलट, पत्ते वाटणारे कोणीच सापडले नाही तर पुष्कळ संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. हा पत्ता दिसला की केबल, कार्ड, राउटर यांविषयीचे तर्क बाजूस ठेवून पत्ते देणाऱ्यापर्यंत विनंती पोचते की नाही, एवढेच प्रथम पाहावे.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी सारखेच असतात, मग त्यांचा घोटाळा का होत नाही, अशी शंका येईल. खोली क्रमांक १२ गिरगावातील प्रत्येक चाळीत असते आणि त्यावाचून कोणाचे अडत नाही, कारण तो क्रमांक चाळीच्या दाराबाहेर एकटा कधी जात नाही. हे पत्तेही केवळ जाळ्याच्या आत वापरण्यासाठी राखून ठेवले आहेत. बाहेर पडताना राउटर त्यांच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो. दादरला एकच क्रममाला करून जो प्रश्न सुटला तो येथे क्रममाला दाराआड ठेवून सुटला आहे.

तिसरा दोष खोट्या उत्तराचा. आप्ताचे वचन तेवढेच प्रमाण, अशी अट नैयायिकांनी शब्दप्रमाणास घातली आहे. एआरपीस ही अट ठाऊक नाही. ‘हा पत्ता माझा’ असे जो म्हणेल त्याचे वचन प्रमाण. न विचारता म्हटले तरी पुष्कळ यंत्रे ते टिपून घेतात. एखाद्याने बाहेर जाणाऱ्या दाराचा, म्हणजे गेटवेचा, पत्ता आपला असल्याचे सर्वांना सांगितले, तर सर्वांची पत्रे त्याच्या हातून जाऊ लागतात. तो ती वाचून पुढे धाडीत राहिला तर कोणास पत्ताही लागत नाही. म्हणून जाळे अकारण मंदावल्यासारखे वाटले तर नोंदवही उघडून दोन वेगळ्या पत्त्यांपुढे एकच क्रमांक तर नाही ना, हे पाहून घ्यावे. विभागाच्या जाळ्यात कोणत्याही पाहुण्यास केबल लावू देण्याविषयी पुनर्विचार करण्यास हे एक कारण पुरेसे आहे.

आता निदानाच्या मुख्य साधनाकडे वळू. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी पिंग नावाचा छोटा कार्यक्रम लिहिला. दुसऱ्या यंत्रास हाक मारून प्रतिसाद येतो की नाही, एवढेच तो पाहतो. त्याचा उपयोग सर्व करतात. पण तो जे सांगतो ते नीट वाचणारे थोडे. प्रतिसाद न मिळण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे छापले जाते, दुसऱ्यात ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. दोन्हींचा अर्थ ‘लागत नाही’ असाच घेतला जातो, आणि तेथेच निदान बिघडते. पहिले एक विधान आहे. दुसरे विधान नसून मौनाची नोंद आहे. जेथे विधान आहे तेथे वक्ता असलाच पाहिजे, आणि वक्ता कोण हे त्याच ओळीत लिहिलेले असते. ती ओळ आपल्याच संगणकाच्या पत्त्याने सुरू होत असेल, तर बोलणारा आपलाच संगणक आहे : त्याने चौकात पुकारा केला आणि कोणी कठड्याशी आले नाही. दोष या जाळ्याच्या आतच, पत्ता-निश्चितीच्या पायरीवर आहे. ती ओळ राउटरच्या पत्त्याने सुरू होत असेल, तर पॅकेट दारापर्यंत गेले आणि अडचण दारापलीकडे आली. मौन असेल तर मात्र पॅकेट वाटेत हरवले, की पोचून उत्तर हरवले, की पलीकडच्याने जाणूनबुजून उत्तर दिले नाही, हे त्या एका खुणेवरून सांगता येत नाही.

टपालवाला परत आलेल्या पाकिटावर ‘पत्ता अपूर्ण’, ‘स्थलांतरित’, ‘घर बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो. प्रत्येक शेरा निराळ्या दोषाचे निदान असते, आणि वकील लोक तो शब्दशः वाचतात. संगणकाचे शेरेही तितक्याच काटेकोरपणे वाचले जावेत, इतकीच अपेक्षा आहे. न परतलेले आणि न पोचलेले पाकीट मात्र दोघांनाही सारखेच मुके.

वाडीच्या आत पुकारा चालतो, बाहेर नाही. तेव्हा जिला हाक मारायची ती व्यक्ती वाडीतली की बाहेरची, हे आधी ठरवावे लागते. संगणक ते सबनेट मास्कच्या आधारे ठरवितो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन भाग जुळणारे सर्व आपले शेजारी. बाकीच्यांसाठी पत्र गेटवेकडे द्यायचे. मास्क चुकून २५५.२५५.०.० लिहिला गेला तर १९२.१६८.१०.२५ हा संगणक १९२.१६८.२०.४० यासही शेजारी समजतो आणि गेटवेकडे न जाता चौकातच त्याला हाका मारीत बसतो. परळच्या माणसाला गिरगावच्या चौकातून हाक मारण्यासारखाच हा प्रकार. वर सांगितलेले ‘अनरीचेबल’ हे विधान अशा वेळी आपल्याच पत्त्याने येते आणि पलीकडचे यंत्र पूर्ण निर्दोष असूनही बंद असल्याचा आरोप त्याच्यावर येतो.

या दोषाची गंमत अशी की तो वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. काही राउटर दुसऱ्याच्या वतीने ओ देतात. वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानदाराने ‘त्यांचे ना? द्या इकडे, मी पोचवतो’ म्हणावे, तसे. मास्क चुकीचा असूनही सर्व काही चालते. पुढे तो राउटर बदलला, नव्या राउटरमध्ये ही सवय नसली, की एका रात्रीत दहा संगणक ‘बिघडतात’ आणि दोष नव्या राउटरवर जातो. मास्क गरजेपेक्षा अरुंद असला तर शेजाऱ्याचे पत्रही गेटवेकडून फिरून येते; काम होते म्हणून कोणी चौकशी करीत नाही.

दाराबाहेर पडल्यावर वाटेचा प्रश्न येतो. मुंबईचे डबेवाले हे या बाबतीत आदर्श उदाहरण होय. डब्याच्या झाकणावरील अक्षरे, अंक व रंग यांतून उपनगरातील घरापासून फोर्टमधील कचेरीच्या मजल्यापर्यंतचा प्रवास सूचित होतो. परंतु साखळीतील प्रत्येक जण त्यातील आपल्यापुरती खूण वाचतो. दादरला डबा उतरवून घेणाऱ्यास तो पुढे कोणत्या गटाकडे द्यावयाचा एवढे कळले की झाले. राउटरही संपूर्ण वाट जाणत नाही. अमुक पत्त्यांच्या गटासाठी पुढचा टप्पा अमुक, अशा ओळींचा तक्ता तो बाळगतो. एका पत्त्यास तक्त्यातील अनेक ओळी लागू पडल्या तर जी ओळ पत्त्याचे अधिकाधिक अंक निश्चित करते ती घ्यायची, असा नियम आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास यात उत्सर्ग आणि अपवाद यांची व्यवस्था सहज ओळखू येईल. ‘बाकी सर्व गेटवेकडे’ ही ओळ म्हणजे उत्सर्ग, ‘१९२.१६८.२० मधील पत्ते मात्र दुसऱ्या राउटरकडे’ हा अपवाद. विशेष हा सामान्यास बाधतो. पाणिनीय परंपरेत ज्या तत्त्वावर अनेक सूत्रे उभी आहेत तेच तत्त्व स्वतंत्रपणे येथेही लागले, याचे आश्चर्य करण्यापेक्षा त्याचा उपयोग करावा. कोणे एके काळी कोणी तरी लिहून ठेवलेला, आता निरर्थक झालेला अपवाद तक्त्यात शिल्लक असेल, तर तो योग्य उत्सर्गास अडवून धरतो. बाकी सारे जग दिसते आणि एकच विभाग दिसत नाही, अशी तक्रार आली की असा विसरलेला अपवाद शोधावा.

वाट जाण्याची व येण्याची अशी दुहेरी असते, हे तर नेहमीच विसरले जाते. सामाईक संगणकास बाजूच्या खोलीतून हाक मारली असता तो उत्तर देतो. दुसऱ्या इमारतीतून मारली असता मौन. हाक पोचलेली असते. परंतु त्या संगणकावर गेटवे लिहिलेलाच नसतो किंवा चुकीचा लिहिलेला असतो, त्यामुळे परक्या जाळ्यास उत्तर कोठून पाठवावे हे त्याला ठाऊक नसते. शेजाऱ्यांशी बोलण्यास गेटवे लागत नाही, म्हणून दोष दिसत नाही. आलेले पत्र वाचून उत्तर लिहावे आणि पेटीत टाकण्यास दार सापडू नये, अशी ही अवस्था. ज्या संग्रहाच्या काळजीने प्रारंभी साठवण पुसण्याची घाई केली जाते, त्याचा ‘बिघाड’ अनेकदा एवढाच निघतो : एका रिकाम्या रकान्यात एक पत्ता लिहिला की काम झाले.

वाटेचा आणखी एक दोष चक्राचा. परळच्या (४०००१२) कार्यालयाने एखादे पत्र लोअर परळचे म्हणून ४०००१३ कडे पाठवावे आणि त्यांनी ते परळचे म्हणून परत करावे, असे समजा. दोन राउटर उत्सर्ग म्हणून एकमेकांकडे बोट दाखवीत असतील तर पॅकेटाचे असेच होते. ते अनंत काळ फिरू नये म्हणून प्रत्येक पॅकेटावर टप्प्यांची मर्यादा, बहुधा ६४ किंवा १२८, लिहिलेली असते. प्रत्येक राउटर ती एकाने कमी करतो आणि शून्य झाली की पॅकेट टाकून देऊन पाठविणाऱ्यास तसे कळवितो. ट्रेसरूट हे साधन याच सोयीवर बेतलेले आहे. ते आधी मर्यादा १ लिहून पॅकेट पाठविते, मग २, मग ३. प्रत्येक वेळी जेथे मर्यादा संपते तो राउटर स्वतःचा पत्ता कळवितो आणि वाटेचे टप्पे एकेक करून उघड होतात. दोनच पत्ते आळीपाळीने येत राहिले तर चक्र निश्चित. एखाद्या टप्प्याजवळ तारका दिसल्या तर तेथेच वाट तुटली असे मात्र समजू नये. पुष्कळ राउटर पॅकेट नीट पुढे देतात, पण असे कळविण्याची तसदी घेत नाहीत. तारकांच्या पुढच्या ओळीत पत्ते दिसत असतील तर त्या मौनास काही अर्थ नाही.

तपासणीचा क्रम या साऱ्यातून आपोआप निघतो. नावाने लागत नाही पण अंकी पत्त्याने लागते, असे असेल तर दोष नावांच्या नोंदीत आहे; वाट आणि केबल यांस हात लावू नये. अंकी पत्त्यानेही लागत नसेल तर प्रथम स्वतःचा पत्ता व मास्क पाहावा, मग गेटवेस हाक मारावी, मग त्याच जाळ्यातील दुसऱ्या यंत्रास, आणि शेवटी दारापलीकडच्यास. गेटवे ओ देत नसेल तर दूरच्या राउटरांची चौकशी व्यर्थ. मात्र हाकेस उत्तर आले नाही म्हणून यंत्र नाहीच, असेही ठरवू नये, कारण हाकेस उत्तर न देण्याची शिस्त पुष्कळ संगणकांना सुरक्षेसाठी लावलेली असते. अशा वेळी एआरपीची नोंदवही पाहावी. तेथे त्या पत्त्यापुढे क्रमांक आलेला असेल तर यंत्र जागे आहे, जाळ्यास जोडलेले आहे आणि फक्त गप्प आहे. चौकातल्या पुकाऱ्यास त्याला उत्तर द्यावेच लागते. क्रमांक अद्ययावत आहे ना, हे त्या यंत्रावर चिकटविलेल्या चिठ्ठीशी ताडून घ्यावे. नोंदवही पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो गुणकारीही असतो. पण पुसण्यापूर्वी तिची प्रत काढून वेळ लिहून ठेवावी. दोन धन्यांचा किंवा खोट्या उत्तराचा दोष पुसल्यानंतर तासाभराने पुन्हा उगवतो आणि त्या वेळी आधीच्या नोंदीतील क्रमांक हाताशी असला तरच दुसरा धनी कोणत्या खोलीत बसला आहे हे शोधता येते.